चाळीस रुपयांचं पाणी

मार्च १९२७मध्ये महाडला चाळीस रुपयांचं पाणी विकत घेतलं गेलं. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठी गावोगावचे काही हजार लोक जमले होते. उन्हाळा तोंडावर आलेला, माणसं कोस-कोस चालून आलेली, आणि प्यायला थेंब नाही. शेवटी परिषदेच्या चालकांनी स्पृश्यांना पैसे मोजले आणि दोन दिवसांची सोय केली. गावात पाण्याचा दुष्काळ होता म्हणून नव्हे. परिषदेच्या मांडवापासून चालत जाण्याच्या अंतरावर चार-पाच एकरांचं चवदार तळं होतं. चारी बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, पलीकडे घरं, ठिकठिकाणी पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. तळं नगरपालिकेच्या ताब्यात होतं. आणि त्याच नगरपालिकेने तीन वर्षांपूर्वी, जानेवारी १९२४मध्ये, ते अस्पृश्यांना खुलं असल्याचा ठराव केलेला होता.

म्हणजे जे पाणी कायद्याने आपलं होतं त्याच्याच काठाशी बसून या लोकांनी पाणी विकत घेतलं. महाडची गोष्ट सांगताना आपण मार्चमधली ओंजळ आणि डिसेंबरमधली मनुस्मृती यांवर थांबतो. मला मात्र हे चाळीस रुपये आधी आठवतात. हक्क मिळणं आणि हक्क वापरता येणं यांच्यामध्ये किती अंतर असतं, ते या एका खर्चात दिसतं.

ठरावाची गोष्ट मुंबईत सुरू झाली. ४ ऑगस्ट १९२३ला भंडारी समाजाचे पुढारी सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात एक ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या, सरकारने नेमलेल्या वा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तशाच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा त्याचा आशय. सरकारने ११ सप्टेंबरला खात्याखात्यांना तसं कळवलं. बहुतेक नगरपालिकांनी आणि लोकल बोर्डांनी ते पत्रक फायलीत लावलं आणि विषय संपवला. त्यामुळे ऑगस्ट १९२६मध्ये बोल्यांना पुन्हा उभं राहावं लागलं. जी मंडळी ठराव पाळत नाहीत त्यांचं सरकारी अनुदान थांबवा, अशी मागणी त्यांनी केली. अनुदान थांबवल्याशिवाय पाणी मोकळं होत नाही, हे त्या काळच्या कौन्सिलालाही कळत होतं म्हणायचं!

बोल्यांच्या शब्दांतली एक खोच लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यांनी दया मागितली नाही, धर्मशास्त्राचा आधारही घेतला नाही. त्यांनी पैशाचा माग काढला. सार्वजनिक पैसा जिथे लागला तिथे सार्वजनिक माणसाला मज्जाव नाही, इतका साधा हिशेब. हा हिशेब पुढे फार लांब जाणार होता.

महाडच्या नगरपालिकेने ठराव केला याचं श्रेय तिचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस यांना. पण अध्यक्षाच्या सहीने तळ्याच्या पायऱ्या मोकळ्या होत नाहीत. १९२४ गेलं, १९२५ गेलं, १९२६ गेलं. तळ्यावर मुसलमान पाणी भरत, गुरं पाणी पीत. महार, चांभार मात्र त्या पायरीवर फिरकला नाही. फिरकला असता तर काय झालं असतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

आता प्रश्न असा, की हे सगळं महाडलाच का घडलं? मुंबई होती, पुणं होतं. सावित्रीच्या खाडीच्या टोकाशी असलेल्या या बाजारपेठेत असं काय होतं?

एक तर बाजारपेठच. बाणकोटहून खाडीतून मचवे दासगावपर्यंत येत, तिथून माल महाडला आणि पुढे घाटावर. आजूबाजूच्या शेकडो गावांचा बाजारहाट, कोर्टकचेरी, शाळा, सगळं महाडला. महारवाड्यातल्या माणसाला मीठ-मिरचीपासून दाखल्यापर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी इथे यावंच लागे. तो बाजारात पैसे खर्च करी, दुकानदार ते गल्ल्यात टाकी, आणि तहान लागली की त्याने बाजार सोडून बाहेर जायचं. विटाळ माणसाचा होता, त्याच्या पैशाचा नव्हता.

दुसरं कारण लष्कर. कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतले महार पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत होते. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी त्यांची भरती बंद केली, पण निवृत्त झालेले सुभेदार, जमादार, हवालदार गावोगाव पेन्शन खात होते. त्यांना वाचता येई, जग पाहिलेलं होतं आणि कवायत अंगात मुरलेली होती. महाडजवळच्या रावढूळ गावचे गोपाळबाबा वलंगकर त्यांतलेच. पलटणीतून परतल्यावर ते दापोलीला राहिले, १८८८मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहिलं आणि विटाळाचा आधार काय, असा जाब शास्त्री-पंडितांना विचारला. १८९५मध्ये सरकारने त्यांना महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमलं, तर त्यांच्याशेजारी बसायचं कसं म्हणून बोर्डातल्या सभासदांनी कुरकुर सुरू केली. चवदार तळ्याच्या ठरावाआधी एकोणतीस वर्षं महाडात खुर्चीचा प्रश्न उभा राहिलेला होता. पाण्याचा नंतर आला.

तिसरं कारण एका मुलाचं. रामचंद्र बाबाजी मोरे, जन्म १९०३चा, महाडजवळच्या लाडवलीचा. शिष्यवृत्तीची परीक्षा पास होऊनही महाडच्या इंग्रजी शाळेत त्याला प्रवेश मिळेना. पोराने वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, सरकारपर्यंत दाद मागितली आणि शेवटी शाळेत पाऊल टाकलं. पुढे ते कम्युनिस्ट झाले, मुंबईच्या गिरणगावात आयुष्य घालवलं. पण विशीत असताना त्यांच्या डोक्यात एकच होतं, महाडला मोठी परिषद भरवायची आणि डॉ. आंबेडकरांना अध्यक्ष करायचं. त्यासाठी ते १९२४पासून आंबेडकरांच्या मागे लागले होते. मधल्या काळात त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी आणखी एक गोष्ट केली, जिच्याविषयी फार बोललं जात नाही. बाजाराला येणाऱ्या अस्पृश्यांना घोटभर चहा आणि पाणी मिळावं म्हणून त्यांनी महाडात चहाचं दुकान सुरू करवलं. बाकड्यावर बसून, हातात कप धरून पेन्शनर आणि पोरं बोलू लागली. परिषदेची बरीचशी तयारी अशा बाकड्यांवरच झाली.

चहाच्या दुकानाला आपण हसून सोडून देऊ नये. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पागेतले गंगाराम कांबळे मराठ्यांच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मार बसला, तेव्हा महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढून दिलं आणि स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेतला. बरोबरच्या सरदार-दरकदारांनाही घ्यावा लागला. महाराज पितात म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? रत्नागिरीला सावरकरांनी १९३३मध्ये सर्व जातींसाठी उपाहारगृह उघडवलं, तेही याच कारणाने. पाणी, चहा, भाकरी. आपल्याकडे जातीची सीमा गावाच्या नकाशावर कमी आणि कपाच्या कडेवर जास्त आखलेली असते.

पण राजाने कप उचलणं वेगळं आणि ज्याला कप नाकारला त्याने तो स्वतः उचलणं वेगळं. महाड हे दुसरं.

१९ मार्चला परिषद सुरू झाली. अध्यक्षपदावर छत्तीसावं वर्ष सुरू असलेले, विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले भीमराव आंबेडकर. भाषणात त्यांनी कोकणातल्या लष्करी परंपरेची आठवण काढली, भरती बंद झाल्याचं दुःख बोलून दाखवलं, आणि मग श्रोत्यांकडे वळून जे सांगितलं ते गोड नव्हतं. मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, शिळ्यापाक्या तुकड्यांवर हात पसरणं सोडा, मुलांना शिकवा. आपल्या माणसांना कमीपणा आणणाऱ्या सवयींबद्दल बाबासाहेब जितकं कठोर बोलले तितकं त्यांच्या विरोधकांनाही जमलं नसेल. फरक इतकाच, की ते आपल्यांसमोर, आपल्यांसाठी बोलत होते.

दुसऱ्या दिवशी महाडच्या स्पृश्य पुढाऱ्यांना बोलावण्यात आलं. पुरुषोत्तम प्रभाकर जोशी आणि गोविंद नारायण धारिया बोलले. सहानुभूती व्यक्त केली, बेटीव्यवहाराचं कलम सोडून बाकी ठराव मान्य असल्याचं सांगितलं. सभेला गालबोट लागलं नाही. मग आभाराची वेळ आली. अनंत विनायक चित्रे उभे राहिले आणि आभार मानता मानता म्हणाले, इतकी माणसं जमली आहेत, नगरपालिकेचा ठराव आहे, तर अध्यक्षांना पुढे घालून तळ्यावर जाऊ आणि पाणी पिऊ.

चारचारच्या रांगा झाल्या. घोषणाबाजी, ढकलाढकली काही नाही. ही शिस्त पेन्शनरांच्या कवायतीची होती, असं मला वाटतं. बाजारातून मिरवणूक सरळ तळ्याकडे गेली. बाबासाहेब पायऱ्या उतरले, ओंजळीत पाणी घेतलं आणि प्यायले. मागोमाग बाकीचे. मग रांगा परत मांडवाकडे वळल्या.

शांतपणे घडलेला भाग इथे संपतो. थोड्या वेळात गावात आवई उठली, की महार आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. देवळात जाण्याचा परिषदेत कुणी विचारही केला नव्हता. पण आवईला पुरावा लागत नाही. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव मांडवावर चालून आला. बरेचसे लोक परतीच्या वाटेला लागले होते, काही जेवायला बसले होते. पानांतलं अन्न मातीत मिसळलं. वीसएक जण गंभीर जखमी झाले. गल्लीबोळांत एकटेदुकटे सापडलेल्यांना झोडपलं. काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला आणि ती दारं उघडली गेली, हे नमूद करायला हवं.

बाबासाहेब डाक बंगल्यात होते. अंमलदार तिथे आले तेव्हा ते म्हणाले, तुम्ही त्यांना आवरा, माझ्या माणसांना मी आवरतो. आणि त्यांनी आवरलं. ही गोष्ट कल्पना करून पाहावी. बाहेर शंभरएक धट्टीकट्टी माणसं हुकमाची वाट बघत उभी, त्यांतले कितीतरी लढाई पाहिलेले. त्यांच्या बायकापोरांना मार बसलाय, भाऊ रक्तबंबाळ आहेत. एका शब्दात महाडची रात्र वेगळी झाली असती. तो शब्द आला नाही. शांततेचं श्रेय नंतर सगळेच वाटून घेतात. त्या संध्याकाळी मात्र ती जखमी लोकांनी राखली होती.

हल्लेखोरांपैकी नऊ जणांवर खटला झाला, त्यांतल्या पाच जणांना ६ जून १९२७ला चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. तळं मात्र तोवर ‘शुद्ध’ झालं होतं. दही, दूध, शेण आणि गोमूत्र कालवून एकशेआठ घागरी त्यात ओतल्या गेल्या. ज्या पाण्यात शेण ओतल्यावर ते पिण्याजोगं होतं आणि माणसाने ओंजळ भरली की नासतं, त्या पाण्याबद्दल मी काय लिहावं? ४ ऑगस्टला नगरपालिकेने १९२४चा ठराव मागे घेतला. कौन्सिलात बोल्यांचा पहिला ठराव झाला तीही तारीख ४ ऑगस्टच. चार वर्षांनी गाडी निघाली तिथेच परत आली.

खेड्यांत त्याहून वाईट चाललं होतं. महाडला गेलेल्यांची जमीन काढून घेणं, दुकानातून धान्य न देणं, वाळीत टाकणं. त्याला ना खटला, ना शिक्षा. ३ एप्रिलला बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ पाक्षिक काढलं ते या सगळ्याला उत्तर म्हणून. पुण्याच्या ब्राह्मणेतर पक्षातल्या जेधे-जवळकरांनी, लढ्यातून ब्राह्मणांना वगळा, आम्ही पाठीशी उभे राहतो, असं सुचवलं. बाबासाहेबांनी नकार दिला. भांडण ब्राह्मण्याशी आहे, ब्राह्मणाशी नाही. हा नकार नुसता तात्त्विक नव्हता. गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मण होते, चित्रे आणि टिपणीस कायस्थ प्रभू, आणि तिघेही आपल्याच जातभाईंच्या शिव्या खात या लढ्यात उभे होते.

सत्याग्रह डिसेंबरात ठरला. या वेळी ओंजळ आपसूक भरायची नव्हती, आधी जाहीर करून भरायची होती. विरोधकही शहाणे झाले होते. लाठी नको, वकील हवा. १२ डिसेंबरला पांडुरंग रघुनाथ धारप, नरहरी दामोदर वैद्य आदींनी बाबासाहेबांना पहिले प्रतिवादी करून महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला, की तळं स्पृश्यांच्या खाजगी वापराचं आहे, अस्पृश्यांना वापरायची रूढी नाही. १४ तारखेला कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला.

चित्रे आधीच येऊन तयारीला लागले होते, सोबत सुभेदार सवादकर, सुभेदार घाटगे. कुणी हिंदू मांडवाला जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने जमीन दिली. बाजाराने धान्य विकायचं नाकारलं, म्हणून शिधा बाहेरून आणावा लागला. मार्चमध्ये निदान पाणी तरी विकलं होतं, आता तेही नाही. २४ डिसेंबरला बाबासाहेब दोनएकशे प्रतिनिधींसह ‘पद्मावती’ बोटीने मुंबईहून निघाले. रात्र हरिहरेश्वराला काढून दुसऱ्या दिवशी दुपारी दासगावच्या धक्क्याला लागले. तिथे हजारो लोक वाट बघत होते, आणि पोलीस अधिकारी कलेक्टरची चिठ्ठी घेऊन उभा होता. बाबासाहेब आणि सहस्रबुद्धे कलेक्टर हूड यांना भेटायला पुढे गेले. बाकीचे पाच मैल चालत महाडला.

त्या संध्याकाळच्या भाषणात बाबासाहेबांनी १७८९ची फ्रान्सची राष्ट्रसभा आठवली. चवदार तळ्याचं पाणी प्यायलो नाही तर मरणार नाही, आपण तळ्यावर जातो आहोत ते इतरांसारखी आपणही माणसं आहोत हे सिद्ध करायला, असं त्यांनी बजावलं. रात्री नऊला सहस्रबुद्ध्यांच्या ठरावानुसार मनुस्मृती जाळली गेली. त्याविषयी इतकं लिहिलं गेलंय की मी इथे थांबत नाही. मांडवात एकच छायाचित्र होतं, गांधींचं. पुढच्या पाच वर्षांत गांधी आणि बाबासाहेब यांच्यात काय झालं ते माहीत असलेल्या वाचकाला हे विचित्र वाटेल, पण १९२७ हे १९३२ नव्हतं.

खरी कसोटी २६ तारखेची. तळ्यावर जाऊन तुरुंगात जायला तयार आहोत असं नाव लिहून देणाऱ्यांची संख्या ३८८४ झाली. दुसरीकडे कोर्टाचा हुकूम आणि कलेक्टरची विनंती. कोर्टात निकाल लागू दे, तोवर थांबा. हुकूम मोडला तर भांडण सनातन्यांशी राहत नाही, ते सरकारशी होतं. लोक थांबायला तयार नव्हते. मार खाऊनही परत आलेल्या माणसांना ‘आज नको’ असं सांगायचं होतं. बाबासाहेबांनी ते सांगितलं. २७ला सत्याग्रह तहकूब झाला. मिरवणूक निघाली, तळ्याभोवती फिरली, आणि हजारो माणसं पाण्याला हात न लावता माघारी आली.

त्या दिवशी नामुष्की कुणाची झाली, असं विचाराल तर मी महाडच्या बाजाराकडे बोट दाखवीन. बंद दुकानांमागून लोक बघत होते, आणि समोरून तहानलेली माणसं शिस्तीत चालत गेली.

त्याच संध्याकाळी चर्मकार वस्तीत बायकांची सभा झाली. तुमच्या पेहरावावरून तुमची जात ओळखू येते, ती ओळख पुसा, लुगडं इतर बायकांसारखं नेसा, अंगावरचे जड दागिने टाका, मुलींनाही शाळेत घाला, असं बाबासाहेबांनी सांगितलं. चित्रे आणि टिपणीस यांच्या घरच्या बायकांनी नेसायला मदत केली. घरी परतण्याआधीच लुगड्यांची तऱ्हा बदलली होती. तळ्याचा निकाल लागायला वर्षं जाणार होती, हा तिथल्या तिथे लागला.

आता थोडं समुद्रापलीकडे. बत्तीस वर्षांनी अमेरिकेच्या दक्षिणेत असंच एक ‘तळं’ होतं, फक्त त्यात पाणी नव्हतं, कॉफी होती. मोठ्या दुकानांत जेवणाचा लांबट कट्टा असे, लंच काउंटर, पुढे फिरती उंच स्टुलं. काळ्या गिऱ्हाइकाने दुकानात काहीही विकत घ्यावं, पैसे घेतले जात. पण त्या स्टुलावर बसायचं नाही. १ फेब्रुवारी १९६०ला ग्रीन्सबरो गावात कॉलेजच्या चार पोरांनी वूलवर्थच्या दुकानात किरकोळ खरेदी केली, पावती घेतली, आणि जाऊन स्टुलावर बसले. एका गल्ल्यावर आमचे पैसे चालतात, दुसऱ्यावर का नाही? महाडच्या बाजारातला महार हेच विचारू शकला असता. दुकान बंद होईपर्यंत पोरं बसून राहिली, दुसऱ्या दिवशी आणखी आली. २५ जुलैला दुकानाने हार मानली, तोवर सुमारे दोन लाख डॉलरांचा धंदा बुडाला होता. पहिल्यांदा वाढलं गेलं ते तिथेच काम करणाऱ्या काळ्या नोकरांना.

सॅन अँटोनिओ शहरात तर असं ठाण मांडून बसायची वेळच आली नाही. पाद्री आणि दुकानदार आधीच एकत्र बसले आणि १६ मार्च १९६०ला काउंटर सर्वांना खुले केले. दुकानदारांनी हिशेब केला होता, बाकी काही नाही. महाडच्या व्यापाऱ्यांनाही हिशेब येत होता. पण त्यांच्या वहीत गिऱ्हाईक जाण्याचा तोटा जात जाण्याच्या तोट्यापुढे फिका होता. अमेरिकेतल्या दुकानदाराला शेवटी बाजाराने नमवलं. आपल्याकडे बाजारच बहिष्काराचं हत्यार झाला.

नॅशव्हिल शहरातल्या पोरांना बसायचं कसं, शिव्या कशा ऐकायच्या, थोबाडीत बसली तरी हात कसा उचलायचा नाही, हे शिकवणारे जेम्स लॉसन. हे गृहस्थ १९५३ ते १९५६ नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. गांधी अभ्यासायला आले होते, आणि माँटगोमेरीच्या बसबहिष्काराची बातमी त्यांनी नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. चारचारच्या रांगांची, मार खाऊन हात न उचलण्याची परीक्षा या महाराष्ट्रात १९२७मध्येच झाली होती, हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. नॅशव्हिलचे काउंटर १० मे १९६०ला उघडले. तुलना इथे थांबवतो, कारण तिला मर्यादा आहे. काउंटरवर बसलेल्या पोरांच्या बाजूला तेव्हा कायदा नव्हता, त्यांना तो मिळवायचा होता. महाडच्या लोकांकडे ठराव होता. तो त्यांच्या हातून काढून घेण्यात आला.

मनाई हुकूम २३ फेब्रुवारी १९२८ला उठला. मूळ दावा चालूच राहिला. ८ जून १९३१ला महाडच्या कोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. वादी ठाण्याला गेले, ३० जानेवारी १९३३ला तिथेही हरले. मग हायकोर्ट. मधल्या काळात काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला. प्रतिवादी नंबर एक हा माणूस लंडनच्या टेबलावर बसून आला. महाडच्या तळ्याचा दावा मात्र आपल्या चालीने चाललाच होता.

हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांच्यापुढे अपील आलं. हेच ब्रूमफील्ड १९२२मध्ये अहमदाबादला गांधींना सहा वर्षांची शिक्षा देणारे. निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला, पण कारण अरुंद होतं. तळं स्पृश्यांनीच वापरायची रूढी अनादी काळापासून असल्याचं वाद्यांना सिद्ध करता आलं नाही, म्हणून अपील फेटाळलं. ती रूढी सिद्ध झाली असती तर न्याय्य ठरली असती का, या प्रश्नात शिरायची कोर्टाला गरज पडली नाही. जिंकलेल्याला हुरहूर लावणारा निकाल. विटाळ कायद्याला मान्य आहे की नाही, हा प्रश्न न्यायाधीशांच्या टेबलावरून तसाच परत आला.

त्याचं उत्तर प्रतिवादीनेच तेरा वर्षांनी दिलं. २६ जानेवारी १९५०पासून लागू झालेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाचं दुसरं कलम उघडून पाहा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणाने कुणालाही दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत मज्जाव करता येणार नाही, आणि पूर्णतः वा अंशतः राज्याच्या पैशातून राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते वापरायला कुणाला अडवता येणार नाही. चहाचं दुकान आणि तळं, दोन्ही एकाच कलमात शेजारी शेजारी. आणि पैशाचा तो माग, बोल्यांनी १९२३मध्ये काढलेला, जवळजवळ तसाच. अमेरिकेला लंच काउंटर खुले करणारा कायदा २ जुलै १९६४ला मिळाला, आपल्याकडे तो चौदा वर्षं आधी होता. खेड्यातल्या चहाच्या टपरीवर फुटका कप वेगळा ठेवण्याची रीत त्यानंतरही कितीतरी वर्षं चालली, हे ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको.

हायकोर्टाच्या निकालपत्रावर खटल्याचं नाव असं आहे: नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर. तारीख १७ मार्च १९३७. पहिली ओंजळ भरून दहा वर्षं व्हायला तीन दिवस बाकी होते.